अर्जातून दुष्काळ काढला तेव्हा

अनुदान म्हटलं की आमच्याकडं आधी फाईल निघते. बटणाची, प्लास्टिकची, ट्रंकेच्या तळाशी किंवा देवघराच्या फळीवर ठेवलेली. सातबारा, आठ अ, आधारची झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पाच-सात पासपोर्ट फोटो. घरात पाऊस गळायला लागला तर धान्याच्या आधी ही फाईल हलवणारी माणसं मी पाहिली आहेत.

मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका गावात सार्वजनिक ग्रंथालय सांभाळते. ड वर्गाचं ग्रंथालय. दोन खोल्या, चार कपाटं, एक संगणक आणि झेरॉक्स काढणारं एक जुनं यंत्र. वर्तमानपत्रं वाचायला येणाऱ्यांपेक्षा महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज भरून घ्यायला येणारे जास्त. ठिबक, तुषार, शेततळं, कांदाचाळ, पेरणी यंत्र. अंगठा लावायचा, मोबाईलवरचा ओटीपी सांगायचा आणि मग यादीत नाव लागायची वाट पाहायची. असे अर्ज मी इतके भरले की कुठल्या रकान्यात काय येतं ते न बघता सांगेन.

या अर्जांत एक गोष्ट सारखी असते, ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. ते तुम्हाला तुम्ही कोण आहात एवढंच विचारतात. जमीन किती, प्रवर्ग कोणता, उत्पन्न किती, आधी लाभ घेतला का. तुम्ही काय करणार आहात, कसं करणार आहात, तुम्हाला ते का करावंसं वाटतं, हे लिहायला तिथं जागा नसते आणि तशी गरजही नसते. ठिबकच्या अर्जाला ते पुरेसं आहे. पण आम्हाला मागायची तेवढी एकच रीत ठाऊक झाली. मागायचं म्हणजे आपली अडचण कागदानिशी सिद्ध करायची.

मोटेवरची गाणी गोळा करायचं माझं काम सुरू झालं तेही एका फाईलीपासूनच.

गावातले एक तात्या, वय ऐंशीच्या पुढं. राजर्षी शाहू महाराज यांच्या नावानं ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना राज्य सरकार मानधन देतं. २०२४ पासून ते महिन्याला ५,००० रुपये झालं. तात्यांच्या नातवानं ते कुठंतरी वाचलं आणि आजोबांना माझ्याकडं घेऊन आला. "आजोबा गातेत," म्हणाला. कलाप्रकार काय लिहू, विचारलं तर तात्या म्हणाले, मोटेवरची गाणी. अर्ज भरत गेले. मग कलेच्या पुराव्यांचा भाग आला. कार्यक्रमाची पत्रिका, प्रमाणपत्र, वर्तमानपत्रातलं कात्रण, फोटो.

"तात्या, पुरावा काय जोडू?"

तात्या थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. "म्या कुठं कुणापुढं गायलो माय? बैलापुढं गायलो. पुरावा बैलच व्हते."

अर्ज तसाच पाठवला आणि पुराव्याअभावी तो परत आला. मला राग आला, पण कुणावर काढावा तेही कळेना. समितीनं कागद मागितला होता, कागद नव्हता. वर्षानुवर्षं एक माणूस पहाटे तीनला उठून धावेवर गात होता आणि त्याची नोंद जगात कुठंही नव्हती.

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीच्या काठावर लाकडी चाक, त्यावरून जाड दोर, तो नाडा. खालच्या कण्यावरून बारीक दोर, तो सोंदूर. नाड्याला कातड्याची मोट बांधलेली, सोंदूर तिच्या सोंडेला. विहिरीपासून उतरत जाणारी मातीची वाट म्हणजे धाव. बैल धावेवरून उतरायला लागले की मोटकरी नाड्यावर बसतो, त्याचं वजनही ओढीला लागतं आणि भरलेली मोट वर येते. वर आली की सोंड थारोळ्यात सुटते, पाणी धडधडत पडतं आणि पाटानं वाफ्याकडं निघतं. मग बैलांना उलट पावली मागं आणायचं. पुन्हा उतार. दिवसभर हेच. उतरताना ओढीचं गाणं, लांब सुरात. मागं घेताना नुसते हाकारे, बैलांची नावं घेऊन. गाण्याची ओळ किती लांब असावी हे धावेची लांबी ठरवते, असं तात्या सांगतात. आमच्या विहिरीची धाव आखूड, म्हणून आमची गाणी आखूड. शेजारच्या शिवारात विहीर खोल, तिथली ओळ लांब. हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. विहिरीच्या खोलीवरून गाण्याचं माप ठरतं, हे मला कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्याकडं विहिरी खोल गेल्या, मग इंजिन आलं, मग विजेची मोटार. माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर मोट नव्हतीच. धाव मात्र होती, बाभळी उगवलेली, आणि आम्ही पोरं तिच्यावरून घसरत खाली यायचो. आई दारं धरायची, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यांत वळवायची, तेव्हाची एखादी ओळ पुटपुटायची, तेवढीच माझ्या कानावर. बायकांच्या जात्यावरच्या ओव्या निदान जमा झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून जास्त ओव्या नोंदल्या गेल्या. आमच्या भागातल्या बायकांचे आवाजही त्यात आहेत. मोटकऱ्यांकडं तसं कुणी आलं नव्हतं, निदान आमच्या शिवारात तरी नाही.

मी मोबाईलवर रेकॉर्ड करायला लागले. वर्षभरात आजूबाजूच्या गावांत अकरा म्हातारे सापडले. मग मोबाईल भरला, आवाजात वारा जास्त आणि माणूस कमी, आणि ग्रंथालयाच्या पगारातून एसटीचं भाडं काढणं जड जायला लागलं. घरी एकदा बोलता बोलता ह्यांनी विचारलं, "सरकार ठिबकला देतं, याला नाही का देत कुणी?"

देतात. ते शोधायला मला चार महिने लागले. दुसऱ्या कुणाचे चार महिने वाचावेत म्हणून थोडं लिहिते.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची फेलोशिप आहे, दोन वर्षांची. २५ ते ४० वयाच्या लोकांसाठी ज्युनियर, महिना १०,००० रुपये. चाळिशी ओलांडलेल्यांसाठी सीनियर, महिना २०,०००. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था १९९५ पासून कलेच्या संशोधनाला आणि कलाकारांना वैयक्तिक अनुदान देते, आणि तिथं प्रस्ताव भारतीय भाषांतही लिहिता येतो. मराठीत लिहिता येतं, हे वाचून मी खुर्चीतून उठले होते. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक योजना आहे, पण ती पहिल्या पुस्तकाच्या तयार हस्तलिखितासाठी. माझ्याकडं हस्तलिखित नव्हतं, वह्या होत्या. नॅशनल बुक ट्रस्टमार्फत चालणारी तरुण लेखकांची पीएम-युवा योजना सहा महिने दरमहा ५०,००० देते, पण तिशीच्या आतल्यांना. न्यू इंडिया फाउंडेशनची भाषांतराची फेलोशिप सहा लाखांची आहे आणि मराठीही तिच्यात आहे, पण ते काम वेगळंच. प्रत्येक ठिकाणी मी आधी रक्कम बघायचे, मग स्वप्न बघायचे, आणि मग पात्रतेच्या ओळीवर येऊन थांबायचे. शेवटी उलटं करायला शिकले. आधी वय, विषय आणि शेवटची तारीख, रक्कम सगळ्यात शेवटी.

परदेशातल्या एका संस्थेची योजना माझ्या कामाला अगदी जुळत होती. ती सोडली. परदेशी निधी घ्यायचा तर २०१० च्या कायद्याप्रमाणं नोंदणी किंवा पूर्वपरवानगीचा प्रश्न उभा राहतो, आणि ते ओझं एकट्या माणसानं नीट विचारल्याशिवाय डोक्यावर घेऊ नये. तशीच आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. याच काळात एकानं मला निरोप धाडला होता, दहा टक्के द्या, फेलोशिप मंजूर करून आणतो. गावात विहिरीच्या मंजुरीला असं बोलणारी माणसं असतात, म्हणून आपल्याला ते खरं वाटतं. मंजुरीसाठी आगाऊ टक्का मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

पहिला अर्ज मी रात्री बसून वहीत लिहिला आणि तो माझ्या मते फार चांगला झाला होता. सुरुवात केली मराठवाड्याच्या मागासलेपणापासून. निजामाचं राज्य, १७ सप्टेंबर १९४८. बहात्तरचा दुष्काळ. १९९३ चा किल्लारीचा भूकंप. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं आणलेलं पाणी. शेतकऱ्यांच्या आत्महत्या. त्यानंतर माझी परिस्थिती, माझा पगार, घरची तीन एकर कोरडवाहू. गाणी आली ती शेवटच्या परिच्छेदात, "ही लोप पावत चाललेली संस्कृती जतन करणे काळाची गरज आहे" अशा वाक्यात. सोबत सरपंचांचं पत्र आणि जिल्हा परिषद सदस्यांचं शिफारसपत्र, दोन्ही शिक्क्यासह. उत्पन्नाचा दाखलाही जोडला, कुणी मागितला नसताना.

टायपिंग बाहेरून करून घेतलं. तिथं ते श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं होतं. त्यांच्या संगणकावर सुरेख दिसत होतं. पाठवल्यावर समोरच्याला नुसती चिन्हं दिसली. त्यांनी भल्या मनानं पुन्हा पाठवायला सांगितलं म्हणून तो अर्ज वाचला तरी गेला. तेव्हापासून मी स्वतः युनिकोडमध्ये टाइप करते, एका बोटानं का होईना.

दीड महिन्यानं दोन ओळींचा नकार आला.

तो अर्ज तात्यांबद्दल होता, म्हणून नकार आल्यावर मी तो त्यांना वाचून दाखवायला गेले. त्यांच्या ओसरीवर बसून पहिल्यापासून वाचला. ते काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. वाचून झाल्यावर बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ह्यात मोट कुठं हाय?"

मी म्हटलं, शेवटी आहे, तात्या.

"शेवटी कावून? दुष्काळात विहिरीला पाणी नव्हतं तर मोट बंद व्हती. मोट चालायची पाणी असल्यावर. म्या गायलो ते पाणी व्हतं तेव्हा."

त्या वाक्यापुढं माझा अख्खा अर्ज उभा राहू शकला नाही. मी टंचाईचा कागद लिहिला होता आणि गाणी भरल्या विहिरीची होती. त्यांच्या आयुष्यातली जी गोष्ट ओसंडून वाहत होती तिच्यासाठी पैसे मागताना मी सगळं कोरडं तेवढं गोळा केलं होतं. सवय हो, दुसरं काय. वीस वर्षं लोकांच्या अडचणींचे रकाने भरत आले, आणि पान कोरं मिळालं तरी मी त्यावर अडचणच लिहिली.

तात्या बोलतच होते. त्यांनी मला शिवारातल्या विहिरी एकेक करून मोजून दाखवल्या. कुठल्या विहिरीवर दोन बैलांची मोट, कुठल्या विहिरीवर चार बैलांची. मिरचीला पाणी कधी, गव्हाला कधी. पहाटेचं गाणं वेगळं कशामुळं, तर पहाटे शेजारच्या शिवारातला मोटकरी ऐकत असतो आणि तिकडून उत्तर देतो. त्या उत्तर देणाऱ्यांपैकी कोण जिवंत आहे. मी त्याच अर्जाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहीत गेले. घरी येऊन पाहिलं तर कामाचा आराखडा तयार होता. सात गावं, अकरा गायक, प्रत्येकाच्या तीन भेटी, रब्बीच्या चार महिन्यांत, आणि जमेल तिथं त्याच विहिरीच्या धावेवर उभं राहून रेकॉर्डिंग. ओळीची लांबी आणि धावेची लांबी, दोन्ही मोजायच्या.

दुसरा अर्ज या पाठकोऱ्या पानांतून झाला. पहिलं वाक्य धावेच्या लांबीचं. निजाम, भूकंप, रेल्वे, सगळं गेलं. माझा पगारही गेला. दुष्काळ एका ओळीत राहिला, मोटा कधी बंद पडल्या हे सांगायला लागतो तेवढा. उत्पन्नाचा दाखला फाईलीत परत ठेवला.

शिफारसपत्राबद्दलही माझा समज बदलला. आपल्याकडं शिफारस म्हणजे वजनदार माणसाची सही. इथं विचारतात ते वेगळं असतं: ज्यांनी तुमचं काम पाहिलं आहे अशी दोन माणसं कोण? मी अंबाजोगाईच्या कॉलेजातल्या एका निवृत्त मराठीच्या सरांना माझ्या वह्या नेऊन दिल्या. त्यांनी आठ दिवस ठेवून घेतल्या, समासात पेन्सिलीनं शंका काढल्या आणि मग पत्र लिहिलं. त्यात माझं कौतुक फार नव्हतं. माझी कुठली नोंद कच्ची आहे हेही त्यांनी लिहिलं होतं. मला आधी भीती वाटली. आता वाटतं, वाचणाऱ्याला विश्वास त्याच ओळीनं आला असेल.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो अंदाजपत्रकाला. रेकॉर्डर आणि माईक सोपं, त्यांच्या किमती मिळतात. प्रवासाला बसले तेव्हा २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणून माझं भाडं अर्धंच धरलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत, म्हणजे अकरापैकी नऊ जण ग्रंथालयात आले तरी तिकिटाचा खर्च नाही. पण धाव गावाबाहेर शेतात, आणि ऐंशीच्या माणसाला तिथवर न्यायला ऑटो लागतो, तो धरला. चहा-नाश्ता धरला. मग आली ती ओळ जिच्यावर पेन अडलं: गायकांचं मानधन. घरी नातेवाईक म्हणाले, म्हाताऱ्यांना कशाला पैसे, ते आनंदानं गातील. आनंदानं गातीलच. पण मला रेकॉर्डरचे पैसे मिळणार, ऑटोवाल्याला मिळणार, आणि ज्याचं गाणं आहे त्याला चहा? मी दर भेटीला एक हजार लिहिले. अकरा गायक, तीन भेटी, तेहतीस हजार. अख्ख्या अंदाजपत्रकातली सगळ्यात मोठी रक्कम ती.

माझ्या स्वतःच्या नावापुढं मी काही लिहिलं नव्हतं. अर्ज पुढच्या फेरीत गेला तेव्हा अनुदान देणाऱ्या संस्थेतल्या एक बाई फोनवर तासभर बोलल्या. एकेक गाव, एकेक विहीर विचारली. शेवटी म्हणाल्या, "गाणी उतरवून घ्यायला किती तास लागतील?" मी हिशोब केला, एका तासाच्या आवाजाला आठ-नऊ तास. "मग ते तास अंदाजपत्रकात कुठं आहेत?" मी म्हटलं, ते मी रात्री घरीच करते. त्या म्हणाल्या, घरी केलं तरी काम कामच असतं, ते लिहा. फोन ठेवल्यावर मी ती ओळ लिहिली. रक्कम लिहिताना हात जरा थरथरला, हे खरं. दुसऱ्यांच्या घामाचा हिशोब मला येत होता, स्वतःचा कधी मांडलाच नव्हता.

मागितले त्यापेक्षा कमी मंजूर झाले. हप्त्यानं. पहिला हप्ता, मग अहवाल, मग दुसरा. पत्र आलं त्या दिवशी मी ते तीनदा वाचलं आणि आधी काय काय कापायचं ते ठरवलं. एक माईक कमी केला. रात्रीचे तास थोडे कमी केले. तेहतीस हजाराला हात लावला नाही.

पहिलं रेकॉर्डिंग तात्यांचंच. मार्गशीर्षातली सकाळ, नातवानं त्यांना ऑटोनं धावेपर्यंत आणलं. बाभळी तोडून वाट थोडी मोकळी केली होती. तात्या वरच्या टोकाला उभे राहिले, जिथं चाक असायचं तिथं हात वर केला, जणू नाडा धरलाय, आणि उतार उतरत गायला लागले. मी रेकॉर्डर धरून शेजारी उलट पावली. शेवटचं अक्षर संपलं तेव्हा त्यांचा पाय धावेच्या तळाला होता. मोजपट्टीची गरजच नव्हती. मग ते वळले आणि मागं येताना सर्ज्याला हाक मारली, पुन्हा पुन्हा, प्रत्येक पावलाला. रिकाम्या हातानं, रिकाम्या शिवारात. नातू मोबाईल खिशात ठेवून नुसता बघत उभा होता.

नंतर बांधावर बसून मी पैशाचं पाकीट आणि पावतीपुस्तक काढलं. अहवालाला पावत्या लागतात. तात्यांनी नोटा न मोजताच बंडीत ठेवल्या, पावती मात्र हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली.

"ह्यावर काय लिव्हलंय?"

मी वाचलं. नाव, गाव, तारीख. रुपये एक हजार फक्त. मोटेवरची गाणी गायल्याबद्दल.

"परत वाच."

मी परत वाचलं. त्यांनी हळूहळू, एकेक अक्षर जोडत सही केली. पेन परत देताना म्हणाले, "माय, हिची एक झेरॉक्स काढून दे मला. त्या फायलीत लावायची."

आम्ही थेट ग्रंथालयात आलो. लाईट गेली होती. तात्या बाकावर बसून राहिले, काठीवर हनुवटी टेकून, लाईट येईपर्यंत.